पहिलं उत्तर पेन्सिलनं

पहिलं उत्तर ती पेन्सिलनं लिहायची. लिहून झालं की पेन्सिल कानामागे खोचायची, खोडरबर चिमटीत धरायची आणि पंख्याला सांगितल्यासारखं वर बघून म्हणायची, "सेरी. आता खरं सांगा."

'सेरी' म्हणजे तमिळमध्ये 'बरं'. चेन्नईत हा शब्द उठता-बसता कानांवर पडतो, त्याचं काही वाटत नाही. पण तिच्या तोंडून तो ऐकला की माझ्या डोक्यात भट्टी पेटायची. आता खरं सांगा म्हणजे? मघाशी मी काय सांगितलं? आणि कुणाला म्हणते ही? ज्याच्या नुसत्या शब्दावर सौकारपेटेच्या सराफ बाजारात सोनं हातात दिलं जातं, त्याला?

तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. आपण कुणाला आवडावं असं त्यांना मुळीच वाटत नाही, त्यामुळे त्यांच्याशी नीट भांडताही येत नाही. ही मानसोपचाराच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत, एकट्या पुरुषांच्या खोल्यांनी गच्च भरलेल्या दोन मॅन्शनांच्या मधे तो दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून तीनदा यायचे. औषध ते लिहायचे, निदानाखाली सही त्यांची असायची. पण त्यांच्या खोलीत जायच्या आधी प्रत्येकाला तिच्या टेबलाशी बसावं लागे, आणि तिथून उठेपर्यंत माणूस बराचसा उघडा पडलेला असे.

तिचं नाव मी लिहिणार नाही. तिला ते आवडणार नाही, आणि तिला न आवडणारं न करण्याची वाईट सवय मला तिनंच लावली. पण म्हणून ही आरती आहे असं समजू नका. माझी तिच्याविरुद्ध तक्रार आहे. माझ्या स्वतःच्या दुकानातल्या एका कपाटाची चावी तिनं माझ्याकडून काढून घेतली आणि ती परत न मिळवून देता निघून गेली.

आधी दुकानाचं सांगतो, म्हणजे तक्रार नीट कळेल. आम्ही गलाईवाले. खानापूर तालुक्यातून निघालेली आमची माणसं देशात कुठल्याही सराफ बाजारात सापडतील. सोनारांकडचा केर, तुटके दागिने, घासकाम करताना पडलेली भुकटी आणायची, मुशीत वितळवायची, ॲसिडनं साफ करायची आणि शुद्ध सोनं-चांदी काढून द्यायची, हा आमचा धंदा. चौदाव्या वर्षी मी मामाच्या भट्टीवर आलो तेव्हा मला तमिळ येत नव्हतं, चप्पलही नव्हती. मामानं एकच गोष्ट शिकवली. समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा हा आकडाच नसतो. गिऱ्हाईक माल ब्याण्णव टंचाचा, म्हणजे शंभरात ब्याण्णव शुद्ध, सांगणार. आपण ऐंशी म्हणायचं. तो चिडणार, उठणार, परत बसणार. मग कसोटीचा दगड काढायचा. या एका धड्यावर मी दुकान उभं केलं, घर बांधलं आणि निम्म्या बाजाराशी बोलणं तोडलं.

तोच धडा ह्या बाईनं कुठल्या मामाकडून घेतला होता कोण जाणे.

आणि मुळात पेशंट मी नव्हतोच. पेशंट माझी बायको होती. ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडायची. भात लावताना रडायची, डबा भरताना रडायची. सहा महिने मी बघत होतो. शेवटी एका सकाळी तिला रिक्षात बसवलं.

"अहो, मला काय झालंय?" तिनं विचारलं.

"तेच विचारायला चाललोय," मी म्हणालो.

टेबलामागे फिकट निळ्या साडीतली, साठीला टेकलेली एक बाई बसली होती. खुर्चीच्या पाठीला काळी छत्री टांगलेली. चेन्नईत पाऊस कधीतरी पडतो, तिची छत्री बाराही महिने. आम्ही आपसात बोलताना ऐकून तिनं मराठीत सुरुवात केली. म्हणजे तिच्या मते मराठीत. ती तंजावरकडची, पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेल्या मराठी घरातली. तिचं बोलणं ऐकताना एखादा जुना मोडीतला कागद तमिळ हेल काढून कुणी वाचतंय असं वाटायचं.

"या राव, बसा. कोणाला काय होऊंलालं?"

आमच्याकडे 'काय राव' म्हणजे खांद्यावर थाप. तिच्याकडे तो मान होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर मी मनातल्या मनात तिला तीन शिव्या दिल्या होत्या.

"हिला दाखवायचंय," मी म्हणालो. "रडते."

तिनं बायकोला पाण्याचा पेला दिला. "का रडतां, अम्मा?"

बायको मला विचारून उत्तर देते अशी माझी समजूत होती. त्या दिवशी ती मोडली. "हे झोपत नाहीत," ती म्हणाली. "ताट तसंच सरकवतात. छातीत धडधडतं म्हणून दोनदा हार्टच्या डॉक्टरांकडे नेलं. ईसीजीची पट्टी चांगली आली, तर त्या डॉक्टरांशीच भांडले, की नीट काढली नाही. गेल्या महिन्यात कारागिरावर मूस फेकली."

"गरम नव्हती," मी म्हणालो.

बायकोपुढे ठेवलेला प्रश्नांचा कागद बाईनं दोन बोटांनी टेबलावरून सरकवला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. वीतभरच सरकला असेल. पण माझ्यासारख्याला लिलावात उभं केल्यासारखं झालं.

आता तो कागद. मागच्या चौदा दिवसांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे त्यात प्रश्न. झोप, भूक, थकवा, कशात मन न लागणं. उत्तर दिवसांत द्यायचं. म्हणजे आकडा सांगायचा. माझ्यापुढे कुणी आकड्याचा प्रश्न ठेवला की माझी जीभ आपोआप चालते.

"झोप किती दिवस लागली नाहीं?"

"दोन."

पेन्सिलनं दोन लिहिलं. पेन्सिल कानामागे, खोडरबर चिमटीत. "सेरी. आता खरं सांगा."

"चार करा."

"अहो, अकरा," बायको म्हणाली.

"सहा," मी म्हणालो. "सहाच्या वर एक नाही. पटत असेल तर लिहा, नाहीतर आम्ही उठतो."

बाईनं कॉफीच्या पेल्यावरची बशी काढली, एक घोट घेतला, बशी परत ठेवली. "राव, मी वांगीं घ्यायला आलें नाहीं. तुम्ही खोटं सांगतां असंही म्हणत नाहीं मी. तुम्ही कमी करून सांगतां. जो तो आपल्या धंद्याप्रमाणें सांगतो. वकील 'तसं म्हणता येणार नाहीं' म्हणतो, मास्तर मला परत प्रश्न विचारतो, तुम्ही निम्मं करतां. आता निम्मं कशाचं केलं तें सांगा."

शेवटी कागदावर अकरा लागलं. पेननं. ती पेनचं टोपण लावायची तेव्हा असा टक् आवाज यायचा की आता सौदा फिरणार नाही हे कळायचं.

रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं, रक्तदाब घेतला. दुसरं काही निघालं नाही. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून लिहिलं, जोडीला घबराट. मी बाहेर येऊन तिच्या टेबलावर हात आपटला. "नैराश्य? मला रडू येत नाही. मला राग येतो!"

"येणारच," ती म्हणाली. "घरांत एक रडतें, एक ओरडतो. आजारी कोण तें आवाजावरून ठरवायचं नसतं. राग तुमचा जुनाच असेल. पण मूस फेकायला केव्हां लागलांत?"

मी अजून मोठ्यानं ओरडलो. बाकावर बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे मोठ्या आपुलकीनं बघितलं. वेड्यांच्या दवाखान्यात आपल्याकडे आपुलकीनं बघितलं जाणं म्हणजे काय, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. तिथं कुणी वेडं नव्हतं हे मला नंतर समजलं. सगळे माझ्यासारखेच होते, हे तर त्याहून नंतर.

पण मी एक वगळलं. डॉक्टरांकडे पाठवायच्या आधी कागदावरचा शेवटचा प्रश्न राहिला होता. त्यासाठी तिनं बायकोला बाहेर बसायला सांगितलं. मग विचारलं, "जगून काय करायचं, असं मनांत येतं काय?"

"नाही," मी म्हणालो.

पेन्सिल कानामागून निघाली नाही. तिनं काही लिहिलं नाही, 'आता खरं सांगा'ही म्हटलं नाही. नुसती बसून राहिली. बाहेर गल्लीत कुणीतरी फुलं विकत ओरडत गेलं. तिनं कॉफीलाही हात लावला नाही. मी तीस वर्षं सौदे केलेत. गप्प बसून समोरच्याला बोलतं करणं हा माझाच डाव. तो माझ्यावर कुणी टाकेल असं वाटलं नव्हतं.

मग तिनं वेगळंच विचारलं. "दुकानांत अशी कुठली जागा आहे, राव, जिथं हल्लीं एकट्यानं जाऊं नये असं तुम्हांला वाटतं?"

मी बोलून गेलो. ॲसिडचं कपाट आहे, म्हणालो. संध्याकाळी कारागीर गेले की मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो. काही करत नाही. नुसता उभा राहतो. परवा उभा होतो तो दिवे लागले तरी उभाच होतो.

हे मी बायकोला सांगितलं नव्हतं. मामा जिवंत असता तर त्यालाही सांगितलं नसतं. ह्या छत्रीवाल्या बाईला सांगितलं.

ती दचकली नाही की हळहळली नाही. "हें सांगितलंत तें बरं केलंत," एवढंच म्हणाली. "आता अम्मांना तुम्ही सांगतां, की मी सांगूं?"

दोघांनी मिळून सांगितलं. बायको रडली नाही. सहा महिने भातावर रडणारी बाई त्या दिवशी कोरड्या डोळ्यांनी ताठ बसून राहिली. आणि नर्सबाई म्हणाल्या, आजपासून त्या कपाटाची चावी अम्मांकडे.

इथं मी उठलो. "माझ्या दुकानाची चावी?"

"दुकानाची नाहीं. एका कपाटाची."

"आठ दिवस देतो."

"मी सांगेन तोंवर."

"पंधरा दिवस. शेवटचं बोललो."

"राव," ती म्हणाली, "झोपेचे दिवस घासाघीस करून घेतले. गोळ्या सकाळी की रात्रीं, तेंही तुम्ही म्हणाल तसं करूं. ह्याला भाव नाहीं."

मी दारापर्यंत गेलो. गिऱ्हाईक उठलं की दुकानदार हाक मारतो, हा बाजाराचा कायदा आहे. तिनं हाक मारली नाही. मीच परत येऊन बसलो. चावी जुडग्यातून काढताना माझं नख मोडलं.

तेव्हापासून माझ्या दुकानात रोज सकाळी दहाला जो तमाशा सुरू झाला, तो सबंध बाजारानं बघितला. बायको डबा घेऊन येणार, कमरेची चावी काढणार, कपाट उघडणार, कारागिराला लागेल तेवढं काढून देणार, कुलूप लावून ओढून बघणार. पहिले आठ दिवस घाबरत घाबरत. मग हातमोजे घालून. मग चष्मा लावून. महिन्याभरानं ती कारागिराला विचारायला लागली, "कालच्या मालाला एवढं लागलं नाही, आज का लागतं?" दुकानाच्या वीस वर्षांत मला न सापडलेली उधळपट्टी तिनं पाच आठवड्यांत पकडली. शेजारचा गलाईवाला दारात उभा राहून विचारायचा, "काय शेठ, दुकान वहिनींच्या नावावर केलं काय?" त्याच्याशी मी बोलणं तोडलं. तो यादीत होताच, फक्त पुन्हा तोडलं.

एक गंमत मात्र झाली. दहा वाजता आलेली बायको डबा खाऊन जायची. म्हणजे मलाही तिच्याबरोबर खावं लागायचं. ताट सरकवायला तिथं टेबलच नव्हतं. हे त्या बाईनं आधीच हिशेबात धरलं होतं, अशी माझी खात्री आहे.

गोळ्यांचं तर विचारूच नका. पहिले काही दिवस मळमळलं. मी तणतणत गेलो. "होतं. जेवल्यावर घ्या. जाईल," ती म्हणाली. मळमळ गेली. मग म्हणालो, गुण का येत नाही? "दोन-तीन आठवडे लागतात." तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मला इडली चविष्ट लागली, आणि मी हॉटेलवाल्याला विचारलं की आज पीठ बदललं काय. त्यानं पीठ बदललं नव्हतं.

बरं वाटायला लागलं तशी माझ्यातला दुकानदार जागा झाला. पूर्ण गोळीनं एवढं बरं वाटतं, तर अर्धीनं भागणार नाही काय? बायकोला न सांगता मी गोळी अर्धी करायला लागलो, मग एक दिवसाआड. आठवड्यात डोकं गरगरायला लागलं. मान वळवली की डोक्यात बारीक करंट बसायचा. कारागिरावर पुन्हा खेकसलो.

दवाखान्यात गेलो तर म्हणाली, "रिकाम्या पट्ट्या आणल्या?" दर वेळी ती गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मागायची, मला वाटायचं भंगारात घालते. पट्ट्या टेबलावर पसरून ती बघत राहिली.

"घरात सांडल्या काही," मी म्हणालो.

"ज्या सांडल्या त्या अर्ध्याच सांडल्या?" पट्टीच्या एका खळग्यात एक अर्धी गोळी तशीच बसलेली होती. "राव, तुमची मूस अर्ध्या आंचेवर वितळते?"

"नाही."

"मग? बरं वाटणं म्हणजे गोळी काम करूंलाली. काम करणाऱ्या माणसाला कोणी घालवतं? बरं वाटल्यावरही पुष्कळ महिने घ्यायची. बंद करायची तेव्हां डॉक्टर हळूहळू उतरवतील. तुम्ही नाहीं." मग बायकोकडे वळून म्हणाली, "अम्मा, ह्यांना चहाबरोबर तुम्हीच द्या. तोंड उघडून बघूं नका हो, तेवढा मान ठेवा."

तेवढा मान ठेवला. उपकारच.

लोक म्हणायचे ती प्रेमळ आहे. मला ती प्रेमळ कधी दिसली नाही. रडणाऱ्या माणसापुढे ती रुमाल ठेवायची आणि खिडकीबाहेर बघायची. "आतां पुरे" म्हणायची नाही, "रडा" असंही म्हणायची नाही. दर वेळी मला सकाळी समुद्रावर चालायला सांगायची. मी म्हणालो, मरीनावर वाळू फार. "मग वाळू नसेल तिथपर्यंत चाला." असलं तिचं सांत्वन.

चेन्नईबाहेर श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात कामाला जाणारी एक मुलगी यायची. कंपनीच्या बसमध्ये तिचा श्वास अडकायचा, हातपाय गार पडायचे, आता मरते असं वाटायचं. तिनं बस सोडली, मग काम सुटायची वेळ आली. बाईनं तिला आधी बंद बसच्या पायरीवर बसायला लावलं, मग आत, मग दोन थांबे. हे सगळं त्या मुलीनंच मला बाकावर सांगितलं. आणि पूर्ण प्रवासाच्या दिवशी आमच्या सिस्टरबाई रजा टाकून तिच्या शेजारी बसून श्रीपेरुंबुदूरपर्यंत गेल्या.

"बसमध्ये तुम्ही केलंत काय?" मी विचारलं.

"काय करायचं? बसलें."

"औषध दिलं?"

"नाहीं."

"ती घाबरली तेव्हा?"

"तेव्हांही बसलें. घाबरणं वर चढतं, वर चढतं, मग आपोआप खाली येतं. तिला तें एकदां पाहायचं होतं. पळून गेलं तर दिसत नाहीं."

येताना तिला साधी बस मिळेना, म्हणून दोन तास रस्त्यात उभी होती, हेही त्या मुलीनंच सांगितलं. छत्री होतीच.

सहा महिने झाले. माझे आकडे उतरले. अकराचे तीन झाले, कशाकशाचे शून्य. दर वेळी कागद संपला की मी विचारायचो, "चावी?" ती टोपण टक् करून म्हणायची, "पुढच्या वेळीं बघूं." मी तिला पटवून पाहिलं, धमकावून पाहिलं, दवाखान्याला नवा पंखा देतो म्हणून पाहिलं. पंखा खरंच कुरकुरत होता. "पंखा द्या," ती म्हणाली, "चावीचं पुढच्या वेळीं."

एकदा मी फार चिडलो. "सिस्टर, तुम्ही दुसऱ्याला खोडरबर दाखवता. स्वतः कधी कुणाचं उत्तर चुकून पेननं लिहिलंय?"

मला टोमणा मारायचा होता. ती पेन्सिलचं टोक बघत राहिली. पेन्सिल झिजून बोटाएवढी उरली होती.

"लिहिलंय," ती म्हणाली. "नोकरीला लागलें तेव्हां. एक मास्तर होते. शेवटचा प्रश्न विचारला. नाहीं म्हणाले. बाहेर पन्नास माणसं बसली होती. मी पेननं लिहिलं. अक्षर फार सुंदर आलं होतं."

तिनं पेन्सिल कानामागे खोचली. त्या दिवशी मी चावी मागितली नाही. बायकोनं रिक्षात मला विचारलं, "आज भांडला नाहीत?" मी म्हणालो, रिक्षावाल्याशी भांडायचंय, दम राखून ठेवलाय.

त्याच्या पुढच्या खेपेला टेबलामागे छत्री नव्हती.

सिस्टर रिटायर झाल्या, शिपाई म्हणाला. तंजावरला गेल्या, बहिणीकडे. केव्हा? मागच्या आठवड्यात. काही निरोप? नाही. सगळ्या पेशंटांचे कागद नीट लावून गेल्या. नवीन मॅडम येणार.

मी बाकावर बसलो. आत डोकावलो तर वर माझा पंखा बिनआवाज फिरत होता. बाजारात कुणी हिशेब पुरा न करता गाव सोडलं तर आम्ही त्याच्या घरापर्यंत जातो. ही बाई माझा सौदा अर्ध्यावर टाकून गेली होती, आणि जायच्या आधी शब्द बोलली नव्हती. म्हणे पुढच्या वेळी. कुठली पुढची वेळ? मी कोण होतो? पन्नासांतला एक कागद?

रागानं मी दवाखान्यात पाय टाकायचा नाही असं ठरवलं. दोन महिने गेलो नाही. गोळ्या संपल्या, त्या आणल्या नाहीत. बायकोनं आठवण केली तर म्हणालो, "आणल्या. दुकानात ठेवल्यात." खोटं नव्हतं ते, कमी करून सांगितलं होतं, अजिबात नाही इतकं कमी. समुद्रावर जाणं सुटलं. इडली पुन्हा पांढरा कापूस लागायला लागली. हे सगळं मला दिसत होतं. आपलंच नाणं खोटं निघताना बघावं तसा मी बघत होतो, आणि तरीही मनात एकच, तिनं सांगून जायला हवं होतं.

शेवटी बायकोनंच धरून नेलं. मला वाटतं तिनं दुकानाचे खण तपासले.

नवीन नर्स तरतरीत, पंचविशीतली. कागद नाही, पेन्सिल नाही. हातात टॅब. प्रश्न तेच, तमिळमध्ये, भराभर.

"झोप किती दिवस लागली नाही, सर?"

"दोन," मी म्हणालो.

तिनं टॅबवर बोट टेकवलं. पुढचा प्रश्न. मी थांबलो. ती पुढचा प्रश्न वाचायला लागली होती.

"भूक?"

"एक."

टेकवलं. मी तिच्या कानाकडे बघितलं. कानामागे केसांची बट होती, बाकी काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेला पहिला आकडा कुणीतरी जसाच्या तसा घेतला होता, आणि मला घाम फुटला. बाजारात असं कुणी केलं तर त्याला आम्ही मूर्ख म्हणतो. मी सांगत गेलो, ती टेकवत गेली. शेवटचा प्रश्न आला तेव्हा तिनंही नियमाप्रमाणे बायकोला बाहेर पाठवलं.

"नाही," मी म्हणालो.

टेकवलं. तिनं बायकोला आत बोलावलं आणि हसून म्हणाली, "फारच छान आहे, सर. जुन्या सिस्टरनी फाइलमध्ये कपाटाच्या चावीचं लिहून ठेवलंय. 'निर्णय पेशंटशी बोलून.' मला वाटतं आता द्यायला हरकत नाही."

बायकोचा हात कमरेकडे गेला. नऊ महिने ज्याच्यासाठी मी भांडलो, ते चार बोटांवर आलं होतं. चावी टेबलावर ठेवताना टक् असा बारीक आवाज झाला.

सिस्टरच्या पेनच्या टोपणाचा आवाज अगदी तसाच यायचा.

"मॅडम," मी म्हणालो, "ते खोडता येतं काय?"

"काय, सर?"

"मघाशी लिहिलंत ते."

"येतं ना. बॅक करावं लागेल."

"मग करा बॅक. सगळं. शेवटच्या प्रश्नापासून." बायको माझ्याकडे बघत होती. तिला बाहेर जा म्हणावं असं वाटलं, पण म्हणालो नाही. "आता खरं सांगतो. मंगळवारी संध्याकाळी मी त्या कपाटासमोर गेलो होतो. कुलूप ओढून बघितलं. लागलेलं होतं. मग जिना उतरून घरी आलो."

नव्या मुलीनं टॅब बाजूला ठेवला. बरी निघाली ती; उठून डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं आणि आमच्याबरोबर आत येऊन बसली. बायकोनं चावी टेबलावरून उचलली, परत कमरेला खोचली, आणि खोचल्यावर कुलूप ओढून बघतात तशी एकदा ओढून बघितली.

गोळ्या पुन्हा सुरू आहेत. पूर्ण. मरीनावर वाळू अजून फार आहे. तंजावरचा पत्ता शिपाई देत नाही, नियम आहे म्हणतो. मी त्याला अजून पटवतोय. तिच्याशी माझं भांडण मिटलेलं नाही. रोज सकाळी दहाला बायको दुकानाची पायरी चढते, मी उठून कपाटापासून दोन पावलं बाजूला होतो, आणि ती विचारते, "झोप लागली काल?"

"लागली," मी म्हणतो.

ती चावी कुलपाला लावते, पण फिरवत नाही. नुसती उभी राहते.